दिलेला इग्वाना दोन महिन्यांत परत का येतो?

इग्वाना म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा, घरी पाळला जाणारा परदेशी सरडा. तो दुसऱ्या घरी देणाऱ्यांची तक्रार नेहमी सारखीच असते. "ताई, खूप शोधून चांगल्या घरी दिला होता. पोरगा अगदी हौशी होता. आणि आता ते म्हणतायत, घेऊन जा." कधी दोन महिन्यांनी फोन येतो, कधी पंधरा दिवसांत. जनावर परत आलं की पुन्हा नवं घर, पुन्हा गाडीतला प्रवास, पुन्हा आठ-दहा दिवसांचा उपास. तिसऱ्या खेपेला तो इतका बिथरलेला असतो की कुणी नुसता हात पुढे केला तरी शेपटी उगारतो. मग "चावरा आहे" असा शिक्का बसतो आणि चौथं घर मिळणं जवळजवळ अशक्य होतं.

मी पुण्यात राहते. घरी दोन हिरवे इग्वाना आहेत, एक नर आणि एक मादी, वेगवेगळ्या खोल्यांत. ओळखीपाळखीतून इतरांच्या मोठ्या झालेल्या इग्वानांना घरं शोधून देते. सुरुवातीला मी दिलेलेही परत आले. दर वेळी कारण शोधत गेले, तेव्हा लक्षात आलं की कारणं फार नाहीत, चार-पाचच आहेत आणि बहुतेक आधीच दिसण्यासारखी असतात. नोकरीसाठी बंगळूरला निघालेल्या, लग्न ठरलेल्या, परदेशी जाणाऱ्या किंवा तब्येतीमुळे सांभाळणं जड झालेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. जनावर नीट दुसऱ्याच्या हाती सोपवणं हीदेखील त्याची काळजी घेणंच आहे, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. मात्र घाईही करू नका. हातात तीन महिने तरी ठेवा.

आधी भिंत बघा, माणूस नंतर

आपण घर शोधतो म्हणजे प्रेमळ माणूस शोधतो. चूक इथेच होते. परत आलेल्या इग्वानांपैकी एकही मी दुष्ट माणसाकडून परत आणलेला नाही. सगळे प्रेमळ होते, पण त्यांच्या घरात जागा नव्हती.

विकत घेताना इग्वाना वीतभर असतो. तीन-चार वर्षांत शेपटीसकट चार-पाच फूट होतो, नर सहा फुटांच्या आसपासही जातो. वजन चार-पाच किलो, कधी त्याहून जास्त. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. हे आकडे घेणाऱ्याने वाचलेले असतात, पण आकडा वाचणं वेगळं आणि तेवढं जनावर घरात आणून ठेवणं वेगळं. हा झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला लांबीइतकीच उंची लागते. किमान सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल पिंजरा हवा. म्हणजे कपड्यांची दोन मोठी कपाटं शेजारी शेजारी ठेवली तर जेवढी भिंत जाईल, तेवढी.

म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न असतो: कुठल्या भिंतीला लावणार? दुसरा: त्या भिंतीवर प्लग किती? मग सांगते की भिंतीला टेप लावा, माप दिसेल असा फोटो पाठवा. दहापैकी सहा-सात जण इथेच गळतात. "सध्या मोकळाच ठेवू, पिंजरा पुढच्या महिन्यात करू" म्हणणाऱ्याला मी थेट नाही म्हणते. तो पुढचा महिना मी अजून पाहिलेला नाही. पिंजरा उभा राहिलेला, दिवे लागलेले आणि तापमान मोजलेलं दिसलं, की मगच जनावर निघतं.

दिव्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण पुण्या-नाशिकच्या हवेत इथे हमखास गफलत होते. इग्वानाला शेकायला एक जागा ३५ ते ३८ अंशांची लागते आणि पिंजऱ्याचं दुसरं टोक २६-२८ अंशांवर. शेकल्याशिवाय त्याला पाला पचत नाही. वरून यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, दिवसाचे दहा-बारा तास. ती नसेल तर खाण्यातला कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही, जबडा मऊ पडतो, पाय सुजतात, बोटं थरथरतात. ट्यूब दिसायला चालू असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिच्यातलं यूव्हीबी उतरतं, बदलावीच लागते. आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यात मोजू नका. काच यूव्हीबी अडवते, नुसती ऊब आत येते. गॅलरीत जाळी लावून थेट ऊन मिळत असेल तर त्याहून चांगलं काही नाही, फक्त अर्धी जागा सावलीची हवी.

डिसेंबरच्या रात्री पुण्यात पारा दहाच्या आसपास येतो. तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतो. एप्रिलमध्ये उलटी पंचाईत: हवा इतकी कोरडी होते की कात अंगाला चिकटून राहते, बोटांच्या आणि शेपटीच्या टोकांशी आवळते, आणि वर्षानुवर्षं पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं जातात. इग्वानाला ६५ ते ७५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात ती बरेच महिने आपोआप मिळते, म्हणून चिपळूण-रत्नागिरीकडचं घर असेल तर मला मनातून बरं वाटतं. पण हवा मानवते म्हणूनच तिथली जाळी दुप्पट पक्की हवी. निसटला तर तो तिथे जगेल, आणि तेच नको आहे.

हिवाळ्यात परत येणारे नर

सगळ्यात जास्त वेळा हेच घडतं, म्हणून इथे थोडी थांबते.

एका सप्टेंबरमध्ये मी साडेचार फुटांचा एक नर हडपसरच्या एका घरी दिला. मुलगा शिकत होता, पिंजरा त्याने स्वतः वेल्डिंग करून घेतला होता, आईचीही संमती होती. दोन महिने रोज फोटो यायचे. नोव्हेंबरच्या शेवटी फोन आला: अंगावर धावून येतो, आईच्या पोटरीला शेपटीचा फटका बसला, वळ उठलाय, घेऊन जा.

मी नेण्याची तयारी करूनच गेले होते. पण आधी तासभर खोलीत एका स्टुलावर नुसती बसले. इग्वाना पिंजऱ्याबाहेर होता. खांदे आणि पुढचे पाय नारिंगी झालेले, गळ्याखालची कातडी ताणलेली. तो चारही पायांवर उंच झाला, अंग बाजूने चपटं केलं आणि मान वरखाली हलवू लागला. आमच्याकडे बघून नव्हे. त्याच्यासमोर कपाट होतं आणि कपाटाच्या दाराला पुरुषभर आरसा. आरशातला नरही मान हलवत होता आणि मागे हटत नव्हता. ह्याच्या नाकाच्या शेंड्याची कातडी काचेवर घासून सोलली होती. अशी वीसेक मिनिटं गेली, आणि वाळलेले कपडे घेऊन काकू मधून गेल्या. तो गर्रकन वळला आणि त्यांच्या मागे धावला.

काकूंची जुनी साडी काढली, आरशावर टाकली, वरून चिमटे लावले. टीव्हीच्या काळ्या पडद्यावरही दिवसा एक चादर. आठवड्याभरात धावून जाणं पुष्कळ कमी झालं. अगदी थांबलं मात्र नाही, कारण तो हंगामच तसा असतो. वयात आलेला नर वर्षातून एकदा माजावर येतो. आपल्याकडे पाळलेल्यांत हे बहुतेक थंडीत दिसतं, एक ते तीन महिने टिकतं, आणि एकाच नराचं साधारण त्याच सुमारास दरवर्षी येतं. तेव्हा रंग बदलतो, खाणं कमी होतं, मांडीच्या आतल्या बाजूची ठिपक्यांची रांग फुगून मेणासारखी वर येते, आणि ज्याला वर्षभर मांडीवर घेतलं त्याच्याकडेही तो प्रतिस्पर्धी म्हणून बघतो.

त्या घरात आम्ही ठरवलं की फेब्रुवारीपर्यंत कुणी त्याला उचलायचं नाही. खाणं ठेवताना हातात एक जाड उशी, ढालीसारखी. पिंजऱ्यातून बाहेर सोडायचा तर त्या वेळी खोलीत एकच माणूस. मार्चमध्ये तो पुन्हा त्या मुलाच्या खांद्यावर बसलेला फोटो आला. परत आणला असता तर मी एक चांगलं घर एका आरशापायी घालवलं असतं.

यातून दोन नियम मी पक्के केले. एक, प्रौढ नर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत शक्यतो नव्या घरी द्यायचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये द्यावा, म्हणजे पहिला माज येईपर्यंत दोघांची सात-आठ महिन्यांची ओळख झालेली असते. दोन, देताना तोंडी सांगून भागत नाही, लिहून द्यायचं: "हा साधारण अमुक महिन्यात माजावर येतो, अमुक आठवडे राहतो, तेव्हा असा वागतो." तुमच्याकडे मागच्या वर्षीचे तारखेचे फोटो असतीलच, नारिंगी रंग कधी दिसायला लागला ते त्यांत शोधा. ही एक ओळ लपवली तर जनावर नक्की परत येतं. आणि गेल्या वर्षी कुणाला चावला असेल तर तेही सांगा. इग्वानाचे दात बारीक करवतीसारखे असतात, मोठ्या नराच्या चाव्याला टाके पडू शकतात. हे ऐकूनही जो "चालेल, कसं सांभाळायचं ते सांगा" म्हणतो, तो खरा.

"काहीच खात नाही" म्हणून परत येणारे

नव्या जागी पहिले तीन-चार दिवस, कधी आठवडा, इग्वाना खात नाही. जुनं निरोगी जनावर असेल तर यात घाबरण्यासारखं नाही. पण नवा मालक घाबरतो, त्याला हातात घेतो, आंबा भरवतो, केळं भरवतो, दिवसातून सहा वेळा पिंजरा उघडतो, आणि उपास आणखी लांबतो.

यावरचा इलाज देण्याच्या दोन आठवडे आधीच सुरू करायचा. नव्या घरी जे मिळणार आहे तेच खायला घालायला लागा. आपल्याकडे त्याची चंगळ आहे: शेवग्याचा पाला, तुतीची आणि जास्वंदाची पानं, जास्वंदाची फुलं, हादगा, लसूणघास, किसलेला लाल भोपळा, दुधी. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. काकडी आणि सॅलडच्या पानांत पाण्याखेरीज फारसं काही नसतं. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाद्य अजिबात नाही. हा पूर्ण शाकाहारी प्राणी आहे, मांसाने त्याची मूत्रपिंडं बिघडतात, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्ही आजवर अंडं घालत आला असाल तर तेही लाजू नका, सांगा. नव्या डॉक्टरला ते माहीत असणं गरजेचं आहे.

सोबत त्याची नेहमीची फांदी, खाण्याचं भांडं आणि न धुतलेलं टॉवेल द्या. पहिले दहा दिवस पिंजऱ्याच्या तीन बाजूंना चादर, उचलणं बंद, खाणं सकाळी ठेवून निघून जायचं. निघताना वजन करा, दहाव्या दिवशी पुन्हा करा. वजन फारसं हललं नसेल तर वाट बघा. जास्त उतरलं किंवा पंधरा दिवस तोंडच लावलं नाही, तर पशुवैद्य.

जोडी

"दोघं लहानपणापासून एकत्र आहेत, ताटातूट नको." ही अट घालणाऱ्यांची तळमळ मला कळते, पण तीच अट घर मिळू देत नाही. इग्वाना जोडीने राहणारा प्राणी नाही. एका पिंजऱ्यातल्या दोघांत एक नेहमी दबलेला असतो: तो खालच्या फांदीवर, दिव्यापासून लांब, अंगाने लहान. आपल्याला वाटतं एकमेकांवर झोपतात, किती माया. वरचा खरं तर शेकायची जागा अडवून बसलेला असतो. वेगळे केल्यावर तो दबलेला चार महिन्यांत कसा भरतो ते मी पाहिलंय. दोघांना दोन घरं द्या. दोन नर तर एका खोलीतसुद्धा नकोत.

मादी असेल तर

नर नसला तरी मादी अंडी धरू शकते, एका वेळी वीस ते सत्तर. पोट फुगतं, खाणं सुटतं, ती कोपरे उकरत फिरते. या अवस्थेत तिला हलवलं आणि नव्या घरी अंडी घालायला जागा मिळाली नाही, तर अंडी आतच अडकतात आणि जीव जाऊ शकतो. पोट जड दिसत असेल तर घर शोधणं चालू ठेवा, पण तिला तुमच्याकडेच अंडी घालू द्या. तिचं अख्खं अंग आत वळेल एवढी पेटी, त्यात दीड-दोन फूट ओलसर माती-वाळू, वर झाकण, आत जायला एक भोक. अंडी झाल्यावर महिनाभर अंग भरू द्या, मग पाठवा.

आजारी जनावराचंही तेच. जबडा मऊ लागत असेल किंवा पाय सुजलेले असतील तर आधी एक्स-रे आणि रक्ताची तपासणी, शौचाची जंतांसाठी तपासणी. रिपोर्ट सोबत द्या. "बरा होईल, तुम्ही बघा" असं सांगून दिलेला इग्वाना पहिलं बिल आलं की परत येतो.

कागद आणि शेजारी

हे दोन वेगळे विषय वाटतात, पण एकाच दिवशी एकत्र उभे राहतात. शेजारी गॅलरीत इग्वाना बघतात आणि त्यांना ती घोरपड वाटते. मुलं तर "यशवंती, यशवंती" करत खाली जमतात. कुणीतरी वनविभागाला फोन लावतं. घोरपड पाळणं हा गंभीर गुन्हा आहे, ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधली, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेली आहे, त्यामुळे फोन करणाऱ्याचंही चुकत नाही. अधिकारी दारात आल्यावर नव्या मालकाकडे कागद नसेल तर तो घाबरतो, आणि संध्याकाळी तुम्हाला फोन येतो.

इग्वाना परदेशी असला तरी आता नोंदणीशिवाय चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. हिरवा इग्वाना त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायची असते. आधीपासून असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. नंतर ज्याच्या ताब्यात प्राणी येईल त्याला ३० दिवसांत नोंद करावी लागते. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवायचं असतं. तुमची नोंद राहून गेली असेल तर गुपचूप देऊन टाकणं हा मार्ग नाही, त्याने तुमची अडचण नव्या माणसाच्या गळ्यात पडते. आधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा, मग घर शोधा. नोंदणीच्या कागदाची प्रत नव्या घरी पिंजऱ्याशेजारी भिंतीला लावायला सांगा. घरमालकाची आणि सोसायटीची संमती आधी घ्या. भाड्याच्या घरात नुसतं "मालक काही बोलणार नाहीत" यावर विसंबू नका.

कुणाला देऊ नये

पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा फार अशक्त म्हातारं माणूस घरात असेल तर मी देत नाही. इग्वानाच्या अंगावर साल्मोनेलाचे, म्हणजे जुलाब-ताप आणणारे, जंतू असू शकतात, आणि रोज हात धुणं, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न धुणं अशा घरात पाळलं जाईलच याची खात्री नसते. आधीच एक नर असलेल्याला दुसरा नर नाही. इतर सरपटणारे प्राणी असतील तर दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवण्याची तयारी हवी. आणि विशीतल्या मुलांना मी सरळ विचारते: पुढच्या तीन वर्षांत नोकरी कुठे, लग्नाचं काय, तू गेलास तर घरी कोण बघणार? राग येत नाही त्यांना. उलट बरेच जण आईला फोन देतात. जी आई "मी पाला निवडून घालीन, पण हात लावणार नाही" असं स्पष्ट सांगते, तिच्या घरी दिलेला एकही अजून परत आलेला नाही.

जाहिरातीत "फुकट" हा शब्द टाकू नका. बघे गोळा होतात. त्याऐवजी माप लिहा, वय लिहा, माजाचा महिना लिहा, महिन्याचा विजेचा आणि पाल्याचा तुमचा खरा खर्च लिहा. फोन कमी येतील, पण बोलण्यासारखे येतील. पहिला कॉल एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याला करा. कुणाचा म्हातारा इग्वाना नुकताच गेलाय आणि पिंजरा रिकामा उभा आहे, हे सगळ्यात आधी त्यांना ठाऊक असतं. माझी सर्वांत चांगली तीन घरं अशीच मिळाली. प्राणिसंग्रहालयाला विचारायला हरकत नाही, पण त्यावर आशा लावून बसू नका.

घर मिळतच नसेल, तरी एक गोष्ट कधीही करू नका: नदीकाठी, टेकडीवर, कुणाच्या शेतात सोडणं. फ्लोरिडात सोडलेल्या आणि निसटलेल्या पाळीव इग्वानांची प्रजा इतकी वाढली की २०२१ मध्ये तिथे ते पाळायलाच बंदी आली. दक्षिण तैवानमध्ये ते पिकं खातात आणि तिथल्या सरकारला त्यांना दरवर्षी हजारोंनी मारावं लागतं. त्या सगळ्यांचे पूर्वज कुणाच्या तरी घरचे होते. आणि पुण्यासारख्या ठिकाणी सोडलेला पहिल्या थंडीतच गारठून पडेल, किंवा त्याआधी कुत्र्यांच्या तावडीत सापडेल.

नेण्याचा दिवस

सकाळी लवकर निघा. आदल्या संध्याकाळनंतर खाणं नको. इग्वाना जाड सुती उशीच्या अभ्र्यात, अभ्र्याचं तोंड बांधून, तो अभ्रा हवेची भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, खाली टॉवेल. अंधारात तो शांत राहतो. गाडीत एसी त्याच्यावर येऊ देऊ नका, आणि चहाला थांबलात तर त्याला बंद गाडीत ठेवू नका, उन्हात दहा-पंधरा मिनिटांतही आतली हवा जीवघेणी तापते. कुरिअरने, बसच्या टपावरून, ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवायचा नाही. स्वतः जा. धरताना शेपटीला हात नको, ती तुटते, आणि मोठ्या इग्वानाची पुन्हा पहिल्यासारखी येत नाही. एक हात छातीखाली, दुसरा कंबरेखाली.

तिथे पोचल्यावर तापमान तुम्ही स्वतः मोजा. आरसे झाका. अभ्रा पिंजऱ्यात ठेवून गाठ सोडा आणि त्याला आपणहून बाहेर येऊ द्या, कधी अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात नव्या माणसाकडून एक कागद सही करून घ्या: सांभाळणं जमेनासं झालं तर कुणा तिसऱ्याला द्यायचा नाही, सोडायचा नाही, आधी मला फोन. माझ्याकडे असे अकरा कागद आहेत. फोन तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि मग नोव्हेंबरमध्ये मीच करते, त्यांची वाट बघत नाही.